व्हार्निशखालचं पाणी

बाबांच्या जुन्या, छोट्या गाडीच्या मागच्या भागाला बाहेरून लाकडी चौकट आहे. बाबा गेल्यावर ती दुरुस्त करायला मी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी चकचकीत लाकडावर बोटानं टकटक केलं आणि पटाशीची धार टेकवली. ती अलगद आत गेली, ओला भुसा बाहेर आला.

“ओल वाळायच्या आधीच बाबा व्हार्निश चढवायचे ना?” मामा म्हणाले. “वरून बंद केलं, की आतलं पाणी जाणार कुठं?”

आई गेली त्या आठवड्यातही बाबा ब्रश घेऊन या गाडीपाशीच बसले होते. आम्ही दोघं भाऊ जवळ गेलो, तर मान वर न करता म्हणाले, “रडायचं नाही हं.”

मामांनी कुजलेली पट्टी उन्हात ठेवली. मी तिच्याकडे बघत राहिलो.

आम्ही अजून रडलेलो नाही.