धाकट्याची महागलेली बाटली

धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून मी त्याला अर्थशास्त्र समजावायला गेलो, ही चूक माझीच. पवनीच्या कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे जेवतानाही तोंड थांबत नाही. म्हटलं, बाटलीच्या किमतीत मोठा वाटा सरकारच्या कराचा असतो. एक तर पिणाऱ्यापायी दवाखाने, अपघात, घरातली भांडणं असा भुर्दंड दुसऱ्यांवर पडतो, तो त्याच्याकडूनच वसूल करायचा. शिवाय भाव चढला तरी सवयीचा माणूस सहसा सोडत नाही, म्हणून तिजोरीची सोय.

धाकट्याने घास हातातच धरला. "म्हणजे दादा, तुमचा पगार मीच देऊन राहिलो ना!"

आमचं कॉलेज अनुदानित. मी खो खो हसलो. बायको हसली नाही.

पुढे कर वाढला, बाटली महागली आणि धाकट्याची दुकानाकडची फेरी बंद झाली. मी घरभर मिरवलो, "पाहा, मागणी घटली!" चार दिवसांनी कळलं, तो जंगलाकडच्या टोलीवर, चार झोपड्यांच्या वस्तीत, मोहाची प्यायला जातो. तिच्यावर ना कर, ना कुणाची तपासणी. महागलेली वस्तू सोडून माणूस स्वस्त पर्यायाकडे वळतो, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. घरात मात्र विसरलो.

धानाच्या रोवणीच्या दिवशी तो आमच्या शेतातल्या बांधीत आलाच नाही. त्या दारूत काय मिसळतात कोण जाणे. डोळे गेल्याच्या गोष्टी ऐकलेल्या. माझा पाय एका जागी ठरेना. रस्त्यापर्यंत जायचो, परत यायचो, पुन्हा निघायचो. बायाही रोवता रोवता माझ्याकडेच बघू लागल्या. शेवटी तो तलावाच्या पाळीवर आडवा सापडला.

"दिसते का तुले?" मी ओरडलो.

"दिसते ना. दोन-दोन दिसून राहिले तुमी. एकच पुरत होता."

हसावं की रडावं कळेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, या खेपेला निभावलं. आता नागपूरला व्यसनमुक्तीसाठी भरती करा, सोबत घरचं माणूस हवं.

व्हरांड्यात येरझारा घालत मी बायकोला सांगू लागलो, कर फार चढवला की चोरटी दारू कशी वाढते, म्हणून सरकारलाही तो बेतानंच...

"तुमीच जा त्याच्यासंगं," ती म्हणाली. "रजा काढा. अन् तिथं शिकवू नका जी, नुसते बसा त्याच्याजवळ."