स्वखुशीने

"यारदु?" असं अप्पा स्वतःशीच पुटपुटायचे. कानडीत त्याचा अर्थ 'कुणाची?'. आरोपी कबुलीजबाब द्यायला उभा राहायचा, मॅजिस्ट्रेटसाहेब छापील कागदावरचा प्रश्न विचारायचे, अप्पा तो आरोपीच्या भाषेत सांगायचे आणि आरोपी मान हलवायचा. मग अप्पा उपरण्याचं टोक तोंडावर धरून खाली बघायचे. साहेबांना वाटे खोकला आला. मी हातभर अंतरावर कागदांच्या नकला करत बसलेला असे, मला ऐकू येई.

प्रश्न एकच असायचा. "हा जबाब तू स्वखुशीने देतो आहेस का?"

अप्पा आमच्या कोर्टातले दुभाषी होते. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे कानडी आणि मराठी दोन्ही घरातल्या. तेलुगू ते विणकरांच्या गल्लीत लहानपणी खेळून शिकले, आणि बाजारातली दखनी तर सोलापुरात कुणालाही येतेच. मी तिथं नक्कलनवीस होतो, तोही हंगामी. राहायला आम्ही दोघंही शुक्रवार पेठेत, एकाच बोळात समोरासमोर. तिसाव्या सालाच्या आधीची ती चार-पाच वर्षं. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मा," एकदा ते मला म्हणाले, "बावीस वर्षं हा प्रश्न विचारतोय. आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही. मारलेला असो, उपाशी असो, सगळे स्वखुशीनेच देतात. तुला संशय येत नाही?"

"पोलिसांचा?"

"पोलिसांचा तर कुणालाही येतो. मला खुशीचाच येतो."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादा खडा ज्यांच्या वहाणेत शिरतो, आणि मग ते वहाण झटकतही नाहीत आणि चालणं थांबवतही नाहीत. अप्पांचा संशय कोर्टापुरता राहिला नव्हता. सात रस्त्यावरच्या हॉटेलात शिरलो आणि मी "चहा घेऊ या" म्हटलं, की ते थबकत. "थांब हं. मला हवा होता, की तू म्हणालास म्हणून हवासा झाला?" तोवर चहा समोर येई आणि विचार संपेपर्यंत गार होई. गार चहा मात्र ते निमूटपणे प्यायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. अक्कांनी यावर आपला उपाय काढला होता. "भाजी कुठली करू म्हणून विचारलं की ह्यांचं कोर्ट भरतंय बघा," त्या माझ्या बायकोला सांगत. "म्हणून मी विचारतच न्हाय. समोर ठेवते. बिनबोलता जेवतात की."

बोळाच्या तोंडाशी एक जोशी राहत. त्यांच्या मते माणूस जन्मतानाच सगळं ठरलेलं. त्यांच्या शेजारी तालीम चालवणारे एक वस्ताद. त्यांच्या मते मनगटात जोर असला की नशीब झक मारतं. संध्याकाळी दोघांची जुंपली की अप्पा ओट्यावर बसून ऐकत. एकदा वस्तादांनी त्यांनाच विचारलं, "अप्पा, तुमी सांगा की, कोण बरोबर?"

"तुमचे वडील काय करायचे?" अप्पांनी विचारलं.

"तालीमच चालवायचे."

"आणि जोशीबुवा, तुमचे?"

"पंचांगच पाहायचे."

"मग तुम्ही दोघं कुठं बोलताय? दोघांचे वडील बोलतायत," असं म्हणून अप्पा उठले. दोघंही त्यांच्यावर आठवडाभर रुसले होते.

हे सगळं मला तऱ्हेवाईकपणाच वाटे, एका संध्याकाळपर्यंत. कोर्ट सुटल्यावर आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठानं परतत होतो. अप्पा एकदम एका पायरीवर बसले आणि न विचारता बोलू लागले.

फार पूर्वी, ते नोकरीला नवे असताना, एक विणकर कबुली द्यायला आला होता. मारामारीत माणूस दगावला होता. अप्पांनी तेलुगूत तोच प्रश्न विचारला. विणकर म्हणाला, "माझ्या इच्छेचं काय आहे त्यात?" साहेबांची उठायची वेळ झाली होती. ते घड्याळाकडे बघत होते. अप्पांनी सांगितलं, "साहेब, त्याची इच्छा आहे म्हणतो."

"त्याला जन्मठेप झाली," अप्पा म्हणाले. "तुरुंगातच गेला. त्याचं वाक्य मी अर्धं केलं, तम्मा. इतकी वर्षं मी एवढंच शोधतोय, की ते मी मोडलं, की माझ्या तोंडात मोडलं. मी केलं असेल तर मी पापी. आपोआप झालं असेल, तर मग मी कोण? मधली नळी?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही नवे होतात."

"हो. नवा होतो, घाबरट होतो, साहेबांना भूक लागली होती. कारणं भरपूर आहेत. मला त्या कारणांचाच संशय येतो. सगळी माझ्या बाजूची आहेत."

त्या संध्याकाळनंतर दोन वर्षांनी एक बाई आमच्या कोर्टात आली.

एका मागवाल्या कारखानदाराच्या सुताच्या कोठाराला आग लागली होती. तिथं मागाच्या कांड्यांवर सूत भरणारी एक तेलुगू विधवा पोलिसांनी धरली. मजुरीवरून तिचं मालकाशी भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आता ती कबुली द्यायला तयार होती. फौजदार बाहेर व्हरांड्यात उभा राहिला, कारण कबुलीच्या वेळी पोलिसानं आत थांबायचं नसतं. बाई आत आली. तिशीची असेल. हातांवर सुताच्या रंगाचे डाग होते.

साहेबांनी प्रश्न वाचला. अप्पांनी तेलुगूत विचारला.

बाई म्हणाली, "अवुनु." म्हणजे होय. आणि पुढे एक वाक्य म्हणाली. ते तेलुगूच होतं, पण त्यात मधेच एक शब्द मलाही कळला. 'स्वखुशीने.'

अप्पांनी उपरणं तोंडाकडे नेलं नाही. ते ताठ उभे राहिले.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, होय म्हणते. स्वखुशीने देते म्हणते. पण 'स्वखुशीने' हा शब्द तिच्या भाषेतला नाही. तो आपल्या ह्या छापील कागदावरचा आहे. मी तिला तेलुगू शब्दानं विचारलं. तिनं उत्तर ह्या शब्दानं दिलं. म्हणजे मी विचारण्याआधीच कुणीतरी उत्तर पाठ करून घेतलंय."

साहेब लाल झाले. "तुम्ही दुभाषी आहात, वकील नाही. फक्त शब्द सांगा."

"शब्दच सांगतोय, साहेब."

साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी हातातला छापील कागद खाली ठेवला. मग बाईला म्हणाले, "हा शब्द तुला कुणी शिकवला?" अप्पांनी विचारलं. बाईनं दाराकडे पाहिलं, आणि मग ती जी खाली बसली ती रडतच राहिली. तिच्या भावाला चौकीत बसवून ठेवलं होतं. तू कबूल हो, त्याला सोडतो, असं तिला सांगितलं होतं. आग कुणी लावली हे तिला ठाऊकच नव्हतं.

कबुली लिहून घेतली गेली नाही. पुराव्यात दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे पुढे ती सुटली.

दुसऱ्या दिवशी आमचा पट्टेवाला धावत आला. "अप्पा, साहेब बोलावत्यात की. लई तापलेत. फौजदारानं वर कागद धाडलाय म्हनं." कागदात होतं, की दुभाष्यानं आरोपीच्या लोकांकडून काहीतरी घेऊन कबुली बिघडवली.

आता माझी पाळी येते. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या बाईच्या जबाबाच्या दिवशी सकाळी, मी ओट्यावर दात घासत असताना, एक विणकर अप्पांच्या दारात आलेला मी पाहिला होता. त्याच्या काखेत गाठोडं होतं. अक्कांनी ते आत घेतलं आणि तो गेला. एवढंच. आणि ही गोष्ट मी कचेरीत सहज बोलून गेलो होतो.

हेडक्लार्कांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही पाहिलंय ते सांगायचंय फक्त. खोटं कुठं सांगायचंय? आणि तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, हे वेगळं सांगायला नको." माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. मी रात्रभर स्वतःला समजावलं, की खरं ते सांगण्यात पाप कसलं. शिवाय, खरं सांगायचं तर, मलाही संशय आला होता. इतक्या वर्षांत कधी न बोललेला माणूस नेमका त्याच दिवशी का बोलला? गाठोड्यात काय होतं?

चौकशीला वरून एक अधिकारी आले. मी जबाब दिला. विणकर आला, गाठोडं दिलं, मी पाहिलं. अप्पांनी सांगितलं, की गाठोड्यात चादर होती. अक्कांनी थंडीसाठी विणायला टाकलेली. विणकर बाईच्या नात्यातला होता का, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, "असेल. त्यांच्यात दूरचं नातं सगळ्यांचंच लागतं." आपल्याविरुद्ध जाईल असं उत्तरही त्यांनी गाळलं नाही.

शेवटी अधिकाऱ्यांनी अप्पांना विचारलं, की तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे का.

अप्पा माझ्याकडे वळले. "तम्मा, हे तू स्वखुशीने सांगतोयस?"

खोलीत हेडक्लार्क होते. मी म्हणालो, "हो."

अप्पांनी मान डोलावली आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "त्यानं पाहिलं ते खरं आहे. लिहून घ्या."

अप्पांना कामावरून काढलं. मी महिनाभरानं कायम झालो.

आठ दिवस मी त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी सकाळी गेलो. अक्का मला बघून आत निघून गेल्या. अप्पा सतरंजीवर बसून ट्रंक भरत होते. गावी भावाकडे जायचं ठरलं होतं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "अप्पा, माझा इलाज नव्हता."

"बस," ते म्हणाले.

मी बसलो.

"सगळे म्हणतात मी त्या बाईसाठी बोललो," अप्पा म्हणाले. "जोशी म्हणतो तिचं नशीब चांगलं. वस्ताद म्हणतो अप्पानं मर्दानगी दाखवली. फौजदार म्हणतो खाल्लं. मी बघतोय की ह्यातलं खरं काय. मला वाटतं, त्या मेलेल्या विणकरानं माझ्याकडून बोलवून घेतलं. तो मानगुटीवर बसला नसता तर मी बोललो असतो का? मग त्यात माझं काय?"

"पण तुम्ही गप्प बसू शकला असता."

"शकलो असतो का?" त्यांनी धोतराची घडी हातातच ठेवली. "तीच बाई, तोच साहेब, तोच शब्द, तोच मी. पुन्हा तसंच सगळं उभं केलं, तर मी गप्प बसेन का? ते कळत नाही, तम्मा. कुणालाच कळणार नाही. पुन्हा उभं करता येत नाही ना."

मला रडू आलं. म्हटलं, "अप्पा, मला माफ करा."

त्यांनी धोतराची घडी ट्रंकेत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. नेहमीचा संशय होता, पण त्यातही काहीतरी मऊ होतं.

"नाही करत," ते म्हणाले. "ऐक. माफ करायचं म्हणजे म्हणायचं, की बिचारा हंगामी होता, बायको गरोदर होती, हेडक्लार्कनं दाबलं. सगळं बरोबर आहे. पण मग त्या खोलीत तू नव्हतासच. नुसती कारणं बसली होती. मी तुला चार-पाच वर्षं रोज बघतोय. तू होतास तिथं. तुला नाही म्हणता आलं असतं, असं मी धरून चालतो. खोटं असेल. पण तेवढा मान मला तुला द्यायचाय."

अशी शिक्षा मला दुसऱ्या कुणी दिली नाही, आणि इतकं मोठं काहीही मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. मी तेव्हा रागावून उठलो होतो, हेही सांगायला हवं. समजायला मला वर्षं लागली.

चार दिवसांनी ते आणि अक्का अक्कलकोटच्या रस्त्याला लागले. मी निरोप द्यायला बाहेर आलो नाही. तीनएक वर्षांनी अप्पा गेल्याचं कानावर आलं. गाठोड्यात चादरच होती की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. होती असंच मी मानतो. पण कधीकधी मनात येतं, की मी हे अप्पांसाठी मानतो, की मला सोयीचं म्हणून? उलट, ते गाठोडं लाचेचं असतं तर मला जास्त सोयीचं होतं. तरी मानतो.

ते दोघं गावी निघून गेल्यावर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ती बाई आमच्या बोळात आली. हात धरून बरोबर तिचा भाऊ होता, एका पायानं लंगडत. अप्पांच्या दाराला कुलूप बघून ती तिथंच थांबली. मी समोर गेलो. हातानं, मराठीनं, जमेल तसं सांगितलं, की ते गावी गेले, आता येणार नाहीत. ती समजली. मग ती त्या बंद दाराकडे तोंड करून बोलू लागली. सावकाश, बराच वेळ, एकदा हात जोडून, एकदा चिडल्यासारखी. कुणी पढवलेलं ते बोलणं नव्हतं, एवढं मला सुरावरून कळत होतं. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही सांगेन अशा अपेक्षेनं.

मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.