सडक तीसवरचा फौजी

दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावरून गोधड्या ओढल्या आणि त्यांच्यासकट ती पिशवी माझ्या डोक्यावर आली. जाड हिरव्या कॅनव्हासची, पाठीवर बांधायची, फौजी. सासऱ्यांनी कधीतरी नागपूरहून आणली होती म्हणे. कुठून, कोणाची, ते सांगायला आता सासरे नव्हते. इतकी वर्षं तिच्या पोटात आमच्या गोधड्याच होत्या.

झटकली तर झाकणाच्या आतून पांढऱ्या रंगात आकडे निघाले. सहा, तीस, बारा आणि शेवटी ए. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे आणि ए येतात. आमच्या दारावरही असेच आकडे लिहिलेले आहेत. भिलाईच्या स्टील कॉलनीतल्या माणसाला असे तीन आकडे दिसले की तो दुसरं काही वाचूच शकत नाही. सेक्टर सहा, सडक तीस, क्वार्टर बारा-ए.

"कोण्या फौजीचा पत्ता हाये हा," मी ह्यांना म्हटलं.

"अन् तो तुह्या गोधड्याची वाट पाहून राहिला," हे म्हणाले. "रविवारी कबाडी येते. तवापर्यंत मालक शोध, नाही तं देऊन टाकतो."

भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा मी शेजारणीला पुढे करायची. पण ज्या पिशवीनं कोणाच्या पाठीवर बसून पहाड पाहिले, ती कबाड्याच्या काट्यावर लटकणार, हे मला बघवेना. दोन दिवस पोळ्या लाटता लाटता मी मनातल्या मनात त्या फौजीला मिशा काढत होते. आधी बारीक, मग झुबकेदार.

शुक्रवारी हे ड्यूटीवर गेले आणि मी निघाले. पिशवी हातात धरली तर पायात येई, म्हणून पाठीवर चढवली. बक्कल इतकं कडक की पट्टा दोन्ही हातांनी ओढावा लागला. साडीवर फौजी पिशवी. आमच्या सडकेवरचं भुंकणारं कुत्रं त्या दिवशी भुंकायचं विसरलं. मला एकटीलाच हसू येत होतं, आणि पाय आपोआप भरभर पडत होते.

बारा-एचं दार माझ्याच वयाच्या बाईनं उघडलं. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य गेलं. मी पिशवी पाठीवरून काढली, आतले आकडे दाखवायला झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरली.

"रुको," म्हणून ती आत गेली. तीन जुन्या फुलपँट आणि एक स्वेटर घेऊन आली, पिशवीत कोंबलं आणि माझ्या मागे बघू लागली. "बर्तन कहाँ हैं? मेरे को ढक्कनवाला डिब्बा होना."

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी समजली होती ती मला.

"अवं माय," माझ्या तोंडून निघालं.

"अवं, मराठी हायेस काय तू?"

मग जे हसू सुटलं, ते दोघींनाही आवरेना. मी दाराची चौकट धरूनच तिला सगळं सांगितलं.

"फौजी? मंग आमच्या मामाजीची असन. तेही फौजेत होते," असं म्हणत तिनं मला ओढतच सासऱ्यांपुढे नेलं.

 मालक सापडला. मिशा मात्र नव्हत्या.

म्हातारबाबांनी चष्मा लावला, पिशवी उलटीपालटी केली. "हा पिट्ठू माहा नाही, बेटा. अन् हा पत्ता बी नाही. हा बनवल्याचा नंबर हाये. हे पाह्य, दोन बाण टोकाले टोक लावून. म्हणजे फौजेनं माल बाजारात काढला."

"मंग कोणाचा व्हता?" मी विचारलं.

त्यांनी पट्ट्यावर अंगठा फिरवला. "कोणाचाच नाही. पट्टा कोरा हाये. कोण्या सिपायानं पाठीवर घेतलाच नाही."

माझे पहाड गेले, मिशा गेल्या. 

"एकच वळ हाये बकलाचा," ते म्हणाले, "तोबी ताजा. हा कोणाचा?"

"माहा," मी म्हटलं. "सकाळचा."

"मंग तू कोणाले शोधून राहिली?"

सून पुन्हा हसायला लागली. फुलपँट तिनं परत घेतल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात मी तिला आमचा एक झाकणाचा डबा नेऊन दिला, तेव्हा कुठे सौदा पुरा झाला.

त्या शुक्रवारी घरी निघताना मी पिशवी पुन्हा पाठीवर चढवली आणि पट्टा त्याच वळावर बसवला. संध्याकाळी हे आले, चपला काढता काढता विचारलं, "सापडला का मालक?"

"सापडली."

"बाई हाये? काय म्हणते?"

"म्हणते, कबाड्याले नाही देत."