वीणा गळ्यात असताना

बायको गेली त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. जन्मभर जिनं उपास केले तिला त्यानं उचललं, आणि ज्याला एकादशी कधी नीट धरता आली नाही त्या मला मागं ठेवलं. हा कुठला न्याय, असं मी मारुतीच्या तोंडावर विचारून आल्तो. शाळा माझी जेमतेम, गोड लिहिता येत नाही. झालं ते तसंच सांगतो.

त्याच सुमारास लघवीचा त्रास सुरू झाला. लागली की दम निघेना, आणि गेलं की थेंब थेंब. ती असती तर अंथरुणातूनच ओरडली असती, "किती येळा उठून राह्यले? दाखवा की कुणाला!" आता घरात विचारणारं कोणी नाही, पोरगा पुण्याला. असलं दुखणं सांगायचं तरी कोणाला? मी पाणीच कमी प्यायला लागलो.

चैत्रात आमच्या गावात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ज्याचा पहारा त्यानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, पुढचा आला की एकमेकांच्या पाया पडून त्याच्या गळ्यात घालायची. दुपारचा पहारा कैक वर्षांपासून माझा. तिच्या वेळचे सप्ताह डोळ्यांपुढून जात नाहीत. बाया मांडवामागं पंगतीचा स्वयंपाक करायच्या, आणि ती पिठाच्या हातानं कनात सारून पाहायची, मी नीट उभा हाय का. मला डुलकी लागली की तिकडून बांगड्या वाजवायची. औंदा उभं राहायचं मनात नव्हतं. पण माझी जागा रिकामी राहिलेली तिला खपली नसती.

माझ्यानंतर नारायणाचा पहारा. पण शेतात लाईट आली म्हणून तो मोटर चालू करायला गेल्ता, तो आलाच नाही. मांडवात एक म्हातारी, ती पण टाळ मांडीवर ठेवून पेंगत होती. आणि मला लघवी लागली. वीणा खाली ठेवावी तर सप्ताह मोडतो, गळ्यात घेऊन जावं तर विटाळ, उभं राहावं तर देवापुढंच फजिती. ओटीपोटात कळा, अंगाला घाम. तेव्हा इतक्या दिवसांनी मी देवाशी बोललो. म्हटलं, "तिला नेलंस, आता माझी लाज तरी राख."

तेवढ्यात एक अनोळखी पाव्हणा मांडवात आला. माझ्या तोंडाकडं पाहिलं, चपला काढल्या, पाय धुतले, माझ्या पाया पडला आणि वीणा उतरवून घेत कानात म्हणाला, "जल्दी जा, माउली."

मी परत आलो तोवर नारायण चिखलाच्या पायांनी धावत आला, पाय धुऊन त्यानं वीणा घेतली. मंग आम्ही दोघं पारावर बसलो. पाव्हणा मंठ्याकडचा, नारायणाच्या भावाचा व्याही.

"किती दिवसांचं हाय हे?" त्यानं विचारलं.

"वय झालं. चालायचंच."

"मी बी हेच म्हणून राह्यल्तो. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेटची गाठ असती, तिचा कॅन्सर निघाला."

"मंग तुम्ही जित्ते कसे?"

तो खो खो हसला. "लवकर सापडला म्हणून! अहो, दर वेळी कॅन्सरच असतो असं बी न्हाई, नुसती गाठ वाढती कोणाची. पण रक्त तपासल्याबिगर तुम्हाला कसं कळंल? ज्योतिषी हाव का? घरात कोणाला व्हता?"

मला माझा बाप आठवला. लघवी तुंबायची, कंबर दुखून दुखून गेला. आम्ही वात म्हणून तेल चोळत बसलो.

"नको तपासणी," मी म्हटलं. "ती गेली. मी राहून काय करू? जातो तिच्यामागं."

पाव्हण्यानं मांडवाकडं बोट केलं. मंग म्हणाला, "आत्ता वीणा खाली का न्हाई ठेवली?"

"कशी ठेवू? घेणारा यावा लागतो."

"मंग जीवच कसा खाली ठेवून राह्यले?"

उद्याचा माझा पहारा मी नारायणाला धरायला सांगितला. दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात जाऊन तपासणीला रक्त दिलं. आकडा जास्त आला म्हणून औरंगाबादला गाठीचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण गाठीतच होता, हाडांत गेला नव्हता. हार्मोनची इंजेक्शनं झाली, मंग मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन. शेकाआधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसावं लागायचं. तिथं मी हरिपाठ म्हणायचो. इंजेक्शनानं अंगातून वाफा निघायच्या. बायको पन्नाशीत हेच सांगायची, तेव्हा मला ते समजलं नव्हतं.

लेकाला फोन केला. "तुझ्या आज्याला बहुतेक हेच होतं, मला तर झालंच. पन्नाशीची वाट पाहू नको, डॉक्टरला विचार."

"बाबा, हे फोनवर बोलायचं का?"

"मंग काय दवंडी पिटू?"

पण गेला तपासून घ्यायला. सध्या बराबर आहे.

माझं रक्तही आता ठीक येतं, पण तपासणी चालूच ठेवायची आहे. गावात म्हणतात, देवच आल्ता. मी म्हणतो, व्याही आल्ता. त्याला त्या घडीला कोणी धाडलं ते मी विचारत नाही. एवढंच उमगलं, की किती राहायचं हे माझं काम नाही. राहायचं तोवर नीट राहायचं, हे माझं.

देवाशी बोलणं पुन्हा चालू झालंय. सांजच्याला ती लावायची तो दिवा लावतो. मागत काही नाही. एवढंच म्हणतो, देवा, तिला निरोप दे. म्हाताऱ्याला यायला अजून वेळ आहे. वाट पाहत उपाशी बसू नको म्हणावं, जेवून घे.