अंगावरून वारं गेलं

चाळीसच्या दशकात सांगलीचे एक गृहस्थ, मला मुलगी द्यावी की नाही ते ठरवायला, साताऱ्यात आले. मी त्यांना यवतेश्वरच्या डोंगरावर फिरायला नेलं. वाटेच्या कडेला चुन्याने रंगवलेले दगड होते, तरी प्रत्येक वळणावर ते खेकसत, "वाट तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" पठारावर वारा असा खवळला की त्यांचं धोतर शिडासारखं फुगलं. त्यांनी खडकाला मिठी मारली आणि मला यथेच्छ शिव्या घातल्या.

खालून एका धनगरणीने हाक दिली, "आवं, पाव्हण्यास्नी काय झालं?"

"अंगावरून वारं गेलं!" मी ओरडलो.

आमच्याकडे लकव्यालाही हेच म्हणतात, हे मला चार गडी बाज घेऊन धावत आले तेव्हा आठवलं. त्यांनी पाहुण्यांना आडवं करून बाजेला बांधलंसुद्धा.

"सासरं दिसत्यात तुमचं! मग द्या की खांदा!" एकजण माझ्यावर डाफरला.

"कोण सासरा? मुलगी विहिरीत ढकलीन, पण याला देणार नाही!" पाहुणे बाजेवरून गरजले.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने हळहळून मान हलवली. "वाचा हाय गड्या, पर जावई वळखंना झाल्यात."