दोनशे खड्डे आणि एक टिटवी

वैजयंतीबाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. सोलापुरातून, नव्या पेठेतून रोज स्कूटीवर येतात आणि परत जाताना साडीच्या काठाला आमच्या माळाची पाव किलो कुसळं घेऊन जातात. कारण त्यांचा तास वर्गात कमी आणि शाळेमागच्या माळावर जास्त. मी भूगोलाचा. माळावरून आलेली पोरं माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची, म्हणून मला या बाईंचा राग यायचा. आता सांगायला हरकत नाही.

यंदा जुलैत आमच्या हेडसरांनी, म्हणजे आबासाहेबांनी, त्याच माळावर दोनशे झाडं लावायचं ठरवलं. पाहुणे ठरले, रोपं आली, खड्डे मी उभं राहून खोदून घेतले. बाई एकट्याच आडव्या आल्या. गवताळ माळ मोकळाच हवा, तिथं झाडी झाली की उघड्यावर अंडी घालणारे पक्षी निघून जातात, असं त्या सांगू लागल्या. झाडांना नको म्हणणारी विज्ञानाची बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली. स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. बाई चिडल्या नाहीत. हेडसरांना एवढंच म्हणाल्या, की उद्या एक तास सातवीबरोबर माळावर चला, मग खुशाल लावा.

हेडसरांबरोबर मीही गेलो. पोरांनी चंडोलाचं घरटं दाखवलं, खोकडाचं बीळ दाखवलं. हेडसर घड्याळ बघत होते. तेवढ्यात एक टिटवी ओरडत त्यांच्या टोपीवर झेपावली. सर दचकून मागं सरकायला निघाले, तसा सातवीतल्या अंकितानं त्यांचा हात धरला.

"सर, मागं पाय टाकू नका. खाली बघा."

बुटापासून वीतभर अंतरावर मातीच्या रंगाची चार अंडी होती. शेजारीच माझा खड्डा, आणि त्यातून उपसलेली माती अंड्यांना टेकलेली. मला खरंच लाज वाटली.

हेडसर बराच वेळ एका पायावर उभे होते. मग म्हणाले, "बाई, खड्डे बुजवून घ्या."

"हा एकच?"

"सगळे."

रोपं शाळेच्या कुंपणाला आणि रस्त्याकडेला लागली, पाहुण्यांचे फोटोही तिथंच झाले. खड्डे सातवीनं बुजवले. टिटवीजवळचा तेवढा पिल्लं चालती होईपर्यंत ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी सवयीनं फळ्यावर लिहिलं, 'शाळेमागे ओसाड माळ आहे.' अंकिता उठली.

"सर, ओसाड न्हाय की. तितं लई जण राहत्यात."

मी फळा पुसला आणि वर्ग घेऊन माळावर निघालो. खाली बघत.