कवदरीचं बी

औंढ्याच्या माझ्या चुलतीला काचबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं: मागच्या दारी एक कवदर लावून दे. कवदर म्हणजे आमच्या डोंगरातली रानकेळ. मी देहूरोडला डेपोत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर औंढ्याजवळच लोणावळ्यात येऊन राहिलो. काकीला स्वतःचं मूल नाही, मला तिनंच वाढवलं. एक रोपटं आणायला असं काय लागतं, म्हणत मी गेल्या पावसाळ्यात कुदळ घेऊन निघालो.

या मागण्यामागचं कारण तिनं एकदाच सांगितलं होतं. ती नवी नवरी होती तेव्हा घरामागच्या कड्यावर एक कवदर उभी होती. सासूनं भाजीसाठी केळफूल मागितलं आणि हिनं ते कोवळं असतानाच खुडून आणलं. कवदर जन्मात एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. ती बी न टाकताच मेली. त्या कड्यावर पुन्हा एकही उगवली नाही.

"तिचा वंस मी बुडवला," काकी म्हणाली होती, "आन् मंग माझाबी बुडाला."

मी ते हसण्यावारी नेलं. तिला मात्र बी हवं होतं, त्या कड्यावर परत टाकायला.

वर चढायला माझे गुडघे तयार नव्हते. खाली ओढ्याकाठी केळींचं बेट दिसलं, त्यातलं लहानसं रोप उपसलं आणि मोठा तीर मारल्यासारखं आणून लावलं. रानात उगवली ती रानकेळ, एवढीच माझी अक्कल.

थोड्याच दिवसांत बुंध्याशेजारी मुनवा फुटला, नवं पिल्लू, आणि मी चपापलो. मग कार्ल्याच्या बाजूला जाऊन कड्याखालून नीट निरखून पाहिलं, तिथल्या गुराख्यालाही विचारलं. खरी कवदर कातळाच्या फटीत एकेकटी बसते, ओढ्याकाठी घोळक्यानं नाही. तिचा बुंधा खाली रांजणासारखा फुगलेला असतो. मुनवे तिला येतच नाहीत, सगळा वंश बियांवर. दिवाळीनंतर पानं वाळून जातात. फळात गर नावाला, बाकी काळ्या टणक बिया. मी आणली होती ती कुणाच्या तरी पडीक मळ्यातून रानात गेलेली साधी गावठी केळ.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काकी रोज चाचपडत मागच्या दारी जायची, पाणी घालायची, पानांवरून हात फिरवायची. खरी कवदर आणली तरी फुलायला किती वर्षं जातील, आणि काकीकडे तेवढी कुठून यायची? ही निदान लवकर फुलेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे सांगायला तोंडच नव्हतं.

मग खोटं निस्तरणं आलं. दर रविवारी औंढ्याला जायचं आणि काकी चहा टाकायला आत गेली की मागे जाऊन मुनवे छाटायचे. बुंधा हाताला जाड लागावा म्हणून मातीची भर घालायची.

"बुंदा भरला रं," ती खुशीत सांगायची. दिवाळी झाली तरी पानं हिरवी, तेव्हा तिला नवल वाटलं. "ह्ये वाळलं कसं न्हाई?"

"तू पाणी घालतेस ना," मी म्हणालो.

यंदा घड पिकला. काकीनं ओसरीवर बसून पहिलं केळ सोललं आणि बी दाताखाली येईल म्हणून जपून चावलं. मग दुसरं सोललं. बोटांनी गर चिवडला.

"बी कुटंय रं?"

ती पुढचं केळ चिवडत राहिली. मग हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "म्या लय पानी घातलं असंल. न्हाईतर तिलाच द्यायचं न्हाई. माफ न्हाई केलं तिनं मला."

माझ्यानं ऐकवेना. तिचा हात धरून मी तिला मागच्या दारी नेलं, खाली बसवलं आणि बुंध्याची भर उकरली. छाटलेल्या मुनव्यांचे खुंट तिच्या बोटांना लागले.

"ह्ये काय?"

"मुनवे. मीच कापत होतो. काकी, ही कवदर न्हाई, साधी केळ हाय. मला गेल्या सालीच कळलं होतं."

मी शिव्यांची वाट पाहत राहिलो. ती एकेक खुंट चाचपत होती. मग तिनं तोंड माझ्याकडे वळवलं आणि लहान पोरीसारखं विचारलं, "म्हंजी ती माझ्यावर रागावल्याली न्हाई?"

शिव्या परवडल्या असत्या. हीच धास्ती घेऊन ती त्या झाडाला रोज पाणी घालत होती, आणि मी दर रविवारी येऊन त्यावर माती लोटत होतो.